कृमी आणि विष यांच्या मधोमध बावची
पाने पोखरणाऱ्या पतंगाचा जीवनक्रम, प्रसार आणि आपली औषधिद्रव्ये

औषधी वनस्पती कोणत्या भूमीतून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या स्थितीत ग्रहण करावी, याचा जो काटेकोर विचार आपल्या संहिताकारांनी केला आहे, त्याची आठवण द्रव्यगुणाच्या वर्गाबाहेर आज क्वचितच होते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात काळ, ऊन, अग्नी, पाणी, वारा आणि जंतू यांनी ज्यांचे गंध-वर्ण-रसादी गुण बिघडलेले नाहीत अशीच द्रव्ये घ्यावीत असे सांगितले आहे. सुश्रुताचार्य सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात अशीच एक यादी देतात. तीत पहिला शब्द कृमी आहे, आणि त्याच्या लगेच पाठोपाठ विष आहे.

हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले आहेत, याकडे आम्ही आमच्या वैद्यबंधू-भगिनींचे व औषधनिर्मात्यांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हे दोन्ही दोष आज एकाच बांधावर भेटतात. कृमी टाळण्यासाठी शेतात जे फवारले जाते ते बांधावरच्या औषधीत विष होऊन उतरू शकते, आणि पानावर कृमीची खूण दिसत नाही म्हणून आपण तेच द्रव्य निर्दोष समजून खरेदी करतो. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी असलेल्या कीटकांपैकी एक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा पतंग. त्याचे आयुष्य कसे चालते हे ठाऊक असेल, तर औषधिसंग्रहात कृमी आणि विष हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी टाळता येतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

पतंगाची ओळख

आपल्याकडील शेतकरी याला पतंग म्हणून ओळखत नाहीत. त्यांना ठाऊक असते ती त्याची अळी. भुईमूग आणि सोयाबीनवरील ‘पाने पोखरणारी अळी’ हे तिचे रूढ नाव. जेलेकिइडी या कुळातील हा कीटक कृषिशास्त्राच्या पुस्तकांतून प्रदीर्घ काळ अ‍ॅप्रोएरेमा मोडिसेला या नावाने परिचित आहे. त्याही आधीच्या भारतीय ग्रंथांत तो स्टोमॉप्टेरिक्स या गणात घातलेला आढळतो, तर अलीकडच्या लेखनात बिलोबाटा सबसेसिवेला असे नाव येते. नावे बदलली म्हणून वाचकांनी गोंधळून जाऊ नये. निघंटूंतील नामपर्यायांची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हे नवे नाही. ज्या बावचीविषयी पुढे लिहावयाचे आहे, तीही आधी सोरालिया कोरिलिफोलिया होती आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला क्युलेन कोरिलिफोलियम म्हणतात. आपल्यासाठी ती बाकुची, सोमराजी, अवल्गुज आहेच.

प्रौढ पतंग पंख मिटून बसला असता जेमतेम ६ मिलिमीटर लांब असतो. पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १० मिलिमीटर भरते. रंग करडा-तपकिरी असून पुढच्या पंखाच्या कडेवर एक फिकट ठिपका असतो. तो दिवसा पानांच्या आड दडून राहतो, त्यामुळे शेतात तासभर हिंडणाऱ्यालाही तो दिसेलच असे नाही. रात्री दिव्यावर येणाऱ्या किरकोळ पाखरांत तो असतो, आणि आपण त्याला हाताने झटकून देतो.

जीवनक्रम

मादी आपली अंडी एकेक करून बहुधा पानाच्या खालच्या बाजूस घालते. अंडे पांढरे, चमकदार आणि एक मिलिमीटरहूनही लहान असते. एक मादी शे-सव्वाशेपासून पावणेदोनशेपर्यंत अंडी घालू शकते. पावसाळी हवेत ३ ते ४ दिवसांत अंडे फुटते आणि बाहेर पडलेली सूक्ष्म अळी थेट पानाच्या पोटात शिरते.

येथे तिच्या आयुष्याचा पहिला भाग सुरू होतो. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला जो हिरवा गर असतो, तो ती आतल्या आत खात राहते. बाहेरून पाहिले तर मध्यशिरेजवळ एखादा लहानसा, वेडावाकडा, फोडासारखा फिकट डाग दिसतो. तो डाग उजेडासमोर धरला तर आत काळ्या डोक्याची हिरवट अळी हलताना दिसते. वरची साल शाबूत असते, त्यामुळे पावसाचा थेंब, बऱ्याच कीटकभक्षकांचे तोंड आणि पानावर वरवर बसलेले औषध, यांतले काहीही तिच्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

सुमारे ५ ते ६ दिवसांनी ही खोली तिला अपुरी पडते. मग ती बाहेर येते आणि शेजारच्या पर्णिका रेशमी धाग्यांनी एकमेकींना चिकटवून, किंवा एकच पर्णिका दुमडून, तिच्या आडोशाला बसून खाऊ लागते. हा आयुष्याचा दुसरा भाग. शेतकऱ्याच्या नजरेला नुकसान प्रथम येते ते याच वेळी. पाने आकसतात, तपकिरी पडतात आणि बाधा मोठी असेल तर दुरून शेत करपल्यासारखे दिसते. अनेकांना तो रोग वाटतो किंवा पाण्याचा ताण वाटतो. अळीची अवस्था एकंदर ९ ते १७ दिवसांची असते. नंतर त्याच गुंडाळलेल्या पानात ती कोष करते आणि ३ ते ७ दिवसांत कोषातून नवा पतंग बाहेर पडतो.

खरिपाच्या उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास १५ ते २८ दिवसांत पुरा होतो. थंडीत तोच ३७ ते ४५ दिवसांपर्यंत लांबतो. म्हणजे एका खरीप हंगामात तीन-चार पिढ्या सहज होतात. पहिल्या पिढीचे चार डाग कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण तिसऱ्या पिढीच्या वेळी शेत करपलेले दिसते आणि मग फवारणीची घाई सुरू होते. तोपर्यंत अंडी, पानाच्या आतील अळ्या, गुंडाळलेल्या पानातील अळ्या आणि कोष या चारही अवस्था एकाच झाडावर नांदत असतात. एका फवारणीत सर्वांचा नाश होत नाही, म्हणून दुसरी फवारणी होते, आणि तिसरीही.

प्रसार

हा पतंग मुख्यतः दक्षिण आणि आग्नेय आशियाचा रहिवासी म्हणून ओळखला जातो. भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि चीन एवढ्या विस्तृत प्रदेशात त्याची नोंद आहे. १९९८ मध्ये युगांडातील भुईमुगावर तो आढळला आणि त्यानंतर मलावी, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून त्याच्या उपद्रवाच्या वार्ता आल्या. भारतात दक्षिणेकडील राज्ये आणि महाराष्ट्र हे त्याचे जुने क्षेत्र होय. हैदराबादजवळ पटनचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत भुईमुगावरील या किडीचा दीर्घकाळ अभ्यास झाला. आपल्या उदगीर-देगलूर भागापासून ते ठिकाण फार दूर नाही आणि दख्खनचे हवामानही तेच, म्हणून तेथील निरीक्षणे आपल्याला पुष्कळ अंशी लागू पडतात.

या कीटकाचा सारा संसार शिंबी कुळातील वनस्पतींवर चालतो असे ढोबळमानाने म्हणता येईल. भुईमूग, सोयाबीन, तूर, मूग, लसूणघास, बरसीम या पिकांवर तो राहतो. पिके नसतील तेव्हा रानटी शिंबीवर्गीयांवर भागवतो, आणि या रानटी आश्रयदात्यांत आपली बावची आहे. निघंटूंनी जिला कृमिनाशक म्हटले, तिच्याच पानात हा कृमी घर करतो. यात विसंगती काही नाही. वनस्पतीचा एखादा गुण मनुष्याच्या कोष्ठात जसा दिसतो तसाच तो तिच्या स्वतःच्या पानात दिसावा असा नियम नाही. शिवाय जी वनस्पती पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडली, तिचे तिखटपण पचवणारा एखादा कीटक निसर्गात असतोच.

आता आपल्या दोन जिल्ह्यांचे वर्षभराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एके काळी येथे खरिपात मूग, उडीद, संकरित ज्वारी आणि भुईमूग यांचा मेळ असे. गेल्या तीन दशकांत त्यांतील बरीचशी जागा सोयाबीनने घेतली. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार, लोहा, बिलोली या पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर नजर पोहोचेल तेथवर एकच पीक दिसते. सोयाबीन निघाल्यावर तूर पौषापर्यंत उभी असते. पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी भुईमूग होतो आणि दुभत्या जनावरांसाठी लसूणघासाचे वाफे बारमाही असतात. बांधा-धुऱ्यांवर, पडीक काळ्या जमिनीत, रस्त्याच्या कडेला बावची आपोआप उगवते. पाने पोखरणाऱ्या पतंगाला एका पिकावरून दुसऱ्या पिकावर जाण्यासाठी याहून सोयीची रचना कोणी मुद्दाम केली असती तरी साधली नसती.

पावसाचा खंड आणि पतंगाची चैन

या किडीचे पावसाशी असलेले नाते आपल्या भागाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. झड लागून पाऊस पडला, हवा दमट राहिली, की तिची संख्या रोडावते. पावसाने मोठा खंड दिला आणि पीक पाण्याच्या ताणात आले, की ती झपाट्याने वाढते. मराठवाड्यात श्रावणातला खंड हा अपवाद नसून जवळजवळ ठरलेला पाहुणा आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट कोणी विसरले नसेल. अशा अवर्षणप्रवण मुलखात हा पतंग केव्हा बळावेल याचे अनुमान पंचांगापेक्षा पर्जन्यमापकावरून अधिक चांगले बांधता येते. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे कोरडे गेले, त्या वर्षी सोयाबीनवर फवारण्या अधिक झाल्या असणार असे समजून आपण आपल्या संग्रहाची दक्षता वाढवावी.

सोयाबीनवरील सर्वच फवारण्या या एका किडीसाठी होतात असे मात्र नाही. चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी हे सारे तेथे असतात. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनवर अळ्यांचा जो उद्रेक झाला, त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. किडी अनेक असल्या तरी बांधावरील बावचीच्या दृष्टीने परिणाम एकच. शेजारच्या सरीत जे फवारले जाते, त्याचा तुषार वाऱ्याने तिच्यावर येतो.

बावचीचा प्रश्न

बावचीला साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले येतात आणि हिवाळ्यात शेंगा काळ्या पडून पक्व होतात. म्हणजे सोयाबीनवर फवारण्या सुरू असतात, नेमक्या त्याच काळात तिचे रोप पानांनी भरत असते आणि फुलोऱ्यावर येत असते. तिच्या फळाचे टरफल बीला घट्ट चिकटलेले, तेलकट आणि उग्र गंधाचे असते. १९६६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी याच बियांतून ‘बाकुचिऑल’ हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. आज ते जगभरच्या सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते. अनेक कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असतात. तेलकट बी गोळा करताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

काही बंधू म्हणतील की बाकुची आपण शोधन करूनच वापरतो. गोमूत्रात किंवा आर्द्रकस्वरसात ठेवून केलेले शोधन हे तिच्या अंगभूत तीक्ष्णतेसाठी सांगितले आहे. मनुष्याने कारखान्यात तयार केलेले कीटकनाशक त्याने नाहीसे होते असे गृहीत धरण्यास कोणताच आधार नाही. त्यातच आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून सर्वांगात पसरतात. ती पानावर बसलेल्या धुळीसारखी धुऊन जात नाहीत.

श्वित्राचा रुग्ण बाकुची एक-दोन दिवस घेत नाही. त्याची चिकित्सा महिनोन्महिने चालते. एखाद्या मात्रेत नगण्य वाटणारा अंशही अशा दीर्घ सेवनात नगण्य राहत नाही, हे गरविषाचा विचार शिकलेल्या वैद्याला वेगळे सांगावे लागू नये. आणि रुग्णाला त्रास झालाच, तर दोष बाकुचीला लागतो, योगाला लागतो, वैद्याला लागतो. बांधाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उलट बाजूही पाहू. बावचीचे आपण बी घेतो, पान घेत नाही. तेव्हा रोपाची चार पाने पोखरलेली असली तरी भरलेल्या, काळ्याभोर, उग्रगंधी बीचे मोल कमी होत नाही. अशा रोपावरून बी नाकारणे म्हणजे कृमीच्या भयाने निर्दोष द्रव्य टाकून देणे होय. मात्र बाधा इतकी तीव्र असेल की झाडाची पाने करपून शेंगा पोचट राहिल्या, तर ते बी घेऊ नये. तेथे दोष कृमीच्या खुणेचा नसून द्रव्य अपूर्णवीर्य असण्याचा आहे.

बेल आणि लिंबावरचा दुसरा पतंग

पानाचाच औषधी उपयोग असेल तेथे विचार थोडा वेगळा करावा लागतो. बेल, कागदी लिंबू, महाळुंग, कढीपत्ता या एकाच कुळातील वनस्पतींच्या कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेषा दिसतात. त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. हे काम वरील पतंगाचे नव्हे. त्याचा कर्ता फायलोक्निस्टिस सिट्रेला हा दुसरा, त्याहूनही लहान, रुपेरी पांढरा पतंग आहे. १८५६ मध्ये स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने कलकत्त्याकडून आलेल्या नमुन्यांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे हा मूळचा आपल्याकडचाच. १९९३ मध्ये तो अमेरिकेतील फ्लोरिडात आणि स्पेनमध्ये पोहोचला आणि काही वर्षांतच लिंबूवर्गीय फळे पिकवणाऱ्या बहुतेक सर्व देशांत पसरला.

दोघांच्या खुणा ओळखणे सोपे आहे. पहिल्याचा डाग फोडासारखा पसरट असतो. दुसऱ्याची वाट नागमोडी असते आणि तिच्या मधोमध विष्ठेची एक बारीक काळसर रेघ धावते. पहिला अर्ध्या वयात पानातून बाहेर येतो. दुसरा शेवटपर्यंत सालीखालीच राहतो आणि पानाची कडा किंचित दुमडून तेथेच कोष करतो. त्याचे चक्र तापमानानुसार १३ दिवसांपासून ५२ दिवसांपर्यंत बदलते. लिंबावर या वाटांतून खैऱ्या रोगाच्या जिवाणूंना प्रवेश मिळतो, म्हणून बागायतदार त्याला अधिक भितात.

आपल्यासाठी त्याच्या स्वभावातील एक गोष्ट मोलाची आहे. मादी अंडी घालते ती नव्या, कोवळ्या, लुसलुशीत पालवीवर. पान एकदा पक्व होऊन राठ झाले की ते तिच्या कामाचे राहत नाही. तेव्हा पक्व पानावर जी रेघ दिसते ती बहुधा रिकाम्या घराची भिंत असते. अळी केव्हाच पतंग होऊन निघून गेलेली असते.

श्रावणात बेलाच्या पानांना किती मागणी असते ते लातूरच्या सिद्धेश्वरापासून परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथपर्यंत सर्वत्र दिसते. पूजेसाठी पान अखंड आणि निष्कलंक हवे अशी श्रद्धा आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र तोच निकष पिंपभर स्वरस किंवा चूर्ण करणाऱ्या औषधनिर्मात्याने जशाच्या तसा लावला, तर पुरवठादार काय करील, हे ओळखणे अवघड नाही. तो कोवळी पालवी फुटताच झाडावर फवारा मारील आणि आठवडाभरात हिरवेगार, रेघही नसलेले पान आणून देईल. आपण त्याला चार पैसे अधिकही देऊ. ज्या दोषासाठी पान नाकारावयाचे तो डोळ्यांना दिसतो, आणि ज्यासाठी ते खरोखर नाकारावयास हवे तो दिसत नाही.

फवारणीने कोण मरते

पानाच्या आत बसलेल्या अळीला निसर्गात शत्रू नाहीत असे नाही. अतिसूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या पानाच्या सालीतून आपली नळी घालून अळीच्या अंगावर वा अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिले अळीला खाऊन वाढतात. न फवारलेल्या शेतात या किडीचा मोठा हिस्सा अशा रीतीने नाहीसा होतो. लिंबावरील पतंगाच्या बाबतीत तर फ्लोरिडात १९९४ मध्ये एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही परजीवी माशी मुद्दाम बाहेरून आणून सोडण्यात आली. वरवर फवारलेले विष सालीआडच्या अळीला कमी आणि उघड्यावर फिरणाऱ्या या मित्रकीटकांना अधिक बाधते. त्यामुळे अवेळी फवारणीनंतर कीड कमी होण्याऐवजी काही दिवसांनी वाढलेली दिसते.

या विषाची किंमत मनुष्यानेही मोजली आहे. एंडोसल्फानसारखे एके काळी घरोघरी असणारे कीटकनाशक २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. २०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. किनवट-माहूरच्या आपल्या वैद्यबंधूंसाठी ती नदीपलीकडची वार्ता होती, पण परकी नव्हती.

आपल्या परंपरेतही वनस्पतींच्या चिकित्सेचा विचार आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात रोगी झाडाचा दूषित भाग प्रथम शस्त्राने काढून टाकावा आणि मग विडंगादींचा लेप करावा असे सांगितले आहे. यातील पहिली पायरी आजही तितकीच उपयोगी आहे. महाविद्यालयाच्या किंवा रसशाळेच्या औषधी उद्यानात बेल-लिंबाची नागमोडी रेघांची कोवळी शेंडी खुडून नष्ट केली, तर पुढची पिढी तेथेच थांबते. बाहेरचा लेप किंवा धूप सालीआडच्या अळीपर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. निंबोळीच्या ५ टक्के अर्काचा उपयोग पालवी फुटताच, म्हणजे अंडी घातली जाण्यापूर्वी, केला तरच होतो. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे.

औषधनिर्मात्यांनी काय करावे

आपल्या व्यवसायात आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी ‘शेड्यूल टी’ २००० मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवडीची व संग्रहाची मार्गदर्शक तत्त्वे २००३ मध्ये प्रसिद्ध केली. कीटकनाशकांच्या अवशेषांच्या परीक्षणाची तरतूद आपल्या फार्माकोपियातही आहे. कागद पुरेसे आहेत. त्यांना बांधावरच्या ज्ञानाची जोड द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी नांदेड-लातुरातील लहान रसशाळेलाही सहज साधतील.

पहिली गोष्ट, काष्ठौषधी विक्रेत्याला केवळ भाव न विचारता माल कोणत्या गावच्या शिवारातून आला आणि शेजारी कोणते पीक होते, हेही विचारावे व नोंदवहीत लिहावे. सोयाबीन, तूर किंवा कपाशीच्या बांधावरील बावचीपेक्षा गायरान, माळ आणि पडीक काळ्या जमिनीवरील बावचीला प्राधान्य द्यावे, आणि त्यासाठी दोन पैसे अधिक मोजावेत.

दुसरी गोष्ट, खरेदीच्या निकषांतून ‘पानावर एकही डाग नको’ ही अट काढावी. पान पक्व असावे, त्याला बुरशी नसावी, ते आकसलेले नसावे, त्यात जिवंत अळी वा कोष नसावा, एवढे पाहावे. तुरळक रेघा असलेले पक्व पान चालेल असे संग्राहकाला स्पष्ट सांगावे. संग्राहक तेच करतो ज्याचे आपण पैसे देतो.

तिसरी गोष्ट, बेलाचे पान नव्या पालवीच्या काळात न घेता ती पालवी जून झाल्यावर घ्यावे. संहितांनी संपूर्ण प्रमाण आणि रस-वीर्य प्राप्त झालेले द्रव्य घ्यावे असे सांगितले. पतंगाचा जीवनक्रमही आपल्याला तेच सांगतो.

चौथी गोष्ट, ज्या वर्षी पावसाने दीर्घ खंड दिला त्या वर्षीच्या मालाच्या परीक्षणात कसूर करू नये. प्रत्येक पोत्याची तपासणी लहान उत्पादकाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण तालुक्यातील चार-पाच उत्पादकांनी मिळून बावचीचा एक समाईक नमुना प्रयोगशाळेला पाठविणे कठीण नाही.

पाचवी गोष्ट, पानावरील खूण हे शुद्धतेचे प्रशस्तिपत्र समजू नये. आज डाग दिसतो, याचा अर्थ अळी पोखरत होती तेव्हा तेथे प्रभावी फवारणी झालेली नसावी, इतकाच. नंतर झालेली फवारणी तो डाग पुसत नाही.

आपण रुग्णाची जिव्हा, त्वचा, नेत्र पाहतो आणि त्यावरून आतील दोषांचे अनुमान करतो. केवळ जिव्हा स्वच्छ आहे म्हणून रुग्ण निरोगी, असे कोणताही वैद्य म्हणत नाही. द्रव्याच्या परीक्षेत मात्र आपण बरेचदा तेवढ्यावरच थांबतो. कृमीने खाल्लेले पान आपल्याला चटकन दिसते, कारण कृमी आपली खूण मागे ठेवून जातो. विषाला ती सवय नाही. येत्या हिवाळ्यात बावचीचे बी भरावयास निघाल, तेव्हा पोत्यात हात घालण्यापूर्वी त्याच्या बांधापलीकडे कोणते पीक उभे होते, एवढे अवश्य विचारा.